अग्निशामक वायुयंत्रणांचे अपघात व त्यांचे अन्वेषण

पाणी वापरल्याने यंत्रसामग्रीची किंवा मालाची हानी होण्याचा संभव असतो अशा बंदिस्त जागांत आग विझविण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइड, नायट्रोजन, आर्गॉन अथवा हॅलोजनयुक्त संयुगे सिलिंडरांत दाबाखाली साठवून ठेवतात आणि आगीची सूचना मिळताच ती नळांवाटे सर्व जागेत सोडण्याची व्यवस्था करतात. विद्युत् उपकेंद्रे, स्विचगिअरच्या खोल्या, संगणककक्ष, जहाजांच्या इंजिनखोल्या, रंगकामाचे कारखाने, अभिलेखागारे व तळघरांतील वाहनतळ या ठिकाणी अशा यंत्रणा बसविलेल्या असतात. आग नसताना किंवा माणसे आत असताना वायू सुटणे, तसेच यंत्रणेची चाचणी व देखभाल चालू असताना सिलिंडर, झडपा इत्यादींपासून इजा होणे, हे या यंत्रणांचे अपघात होत. अशा अपघाताची कारणपरंपरा पुराव्याच्या आधारे शोधून काढणे हे अन्वेषणाचे कार्य होय.

या अपघातांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांत आग बहुधा नसतेच. यंत्रणेचे नेमून दिलेले कार्य म्हणजे खोलीतील हवा ज्वलनास अयोग्य करणे. ते तिने चोख बजावलेले असते. मात्र कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बाबतीत ज्वलनास अयोग्य झालेली हवा श्वसनासही अयोग्य असते. म्हणून वायू का सुटला, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने अन्वेषण पुरे होत नाही. वायू केव्हा ना केव्हा सुटेल हे गृहीत धरूनच ही यंत्रणा उभारलेली असते. तो सुटला तेव्हा माणसे आत कशी होती, त्यांना सूचना का मिळाली नाही आणि वायू व माणसे यांच्यामध्ये एखादा भौतिक अडसर का नव्हता, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. पुष्कळ चौकशी-अहवाल पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात आणि एखाद्या कामगाराच्या हातून कळ दाबली गेली किंवा एखादा अभिज्ञातक (आगीची जाणीव होणारे उपकरण) सदोष होता एवढेच नमूद करतात. असे अहवाल पुढील अपघात टाळण्यास फारसे उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत कार्बन डाय-ऑक्साइड यंत्रणांच्या अपघातांच्या एकूण ६२ नोंदी आढळल्या. त्यांत ११९ मृत्यू व १५२ जखमी यांचा उल्लेख होता. यांपैकी ५१ नोंदी १९७५ नंतरच्या असून त्यांत ७२ मृत्यू झाले होते. बहुतेक अपघात यंत्रणेवर किंवा तिच्या आसपास देखभालीचे काम चालू असताना घडले, हा या पाहणीचा सर्वांत लक्षणीय निष्कर्ष आहे. जेथे एरवी कोणी फिरकत नाही अशा खोलीत गवंडी, रंगारी, वायरमन किंवा कंत्राटदाराची माणसे एखाद्या दिवशी काम करू लागतात आणि त्यांपैकी अनेकांना डोक्यावरच्या नळांतून काय येऊ शकते हे ठाऊक नसते.

वायू व त्यांचे शरीरावरील परिणाम : द्रव इंधनासारख्या पृष्ठभागावरील आगीसाठी कार्बन डाय-ऑक्साइडाचे हवेतील प्रमाण कमीत कमी ३४ टक्के राखावे लागते. विद्युत् सामग्रीतील खोलवर धुमसणाऱ्या आगीसाठी ते ५० टक्के व कागदपत्रांच्या साठ्यासाठी ६५ टक्के धरतात. याउलट ७ ते १० टक्के प्रमाणातही काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो आणि १७ टक्क्यांवर गेल्यास एका मिनिटाच्या आत त्याची हेतुपुरस्सर हालचाल थांबून बेशुद्धी, आचके व मृत्यू ओढवतो. आग विझविणारे प्रमाण व माणसाला सोसेल असे प्रमाण यांत येथे मुळीच अंतर नाही, उलट पहिले दुसऱ्याच्या कितीतरी पुढे आहे.

या मृत्यूंचे कारण ‘प्राणवायूअभावी गुदमरणे’ असे सरसकट लिहिण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. हवेत ३४ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळल्यास ऑक्सिजनाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांपर्यंत उतरते. केवळ एवढ्या घटीने निरोगी माणूस काही सेकंदांत कोसळत नाही. येथे कार्बन डाय-ऑक्साइड स्वतःच विषारी परिणाम करतो : रक्ताची अम्लता एकाएकी वाढते, श्वास अनावर वेगाने चालू लागतो, त्यामुळे वायू अधिकच आत जातो आणि मेंदूचे कार्य मंदावते. अन्वेषकाच्या दृष्टीने हा भेद केवळ शास्त्रीय नाही. अनेक कारखान्यांत बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी फक्त ऑक्सिजनमापक वापरतात आणि तो १९.५ टक्क्यांखाली धोक्याची सूचना देतो. परंतु हवेत ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड शिरला तरी ऑक्सिजन १९.८ टक्क्यांच्या आसपास राहतो व मापक गप्प राहतो. ‘आत जाण्यापूर्वी हवा तपासली होती’ असा जबाब मिळाल्यास ती कोणत्या उपकरणाने तपासली, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे असते.

कार्बन डाय-ऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. तो केबलच्या चरांत, खड्ड्यांत व तळघरांत साठून राहतो, जिन्यावरून खालच्या मजल्यावर उतरतो आणि दारांच्या फटींतून शेजारच्या खोल्यांत जातो. नळाच्या तोंडातून बाहेर पडताना त्याच्या तापमानात एकदम घट होऊन बर्फाचे कण व दाट पांढरे धुके निर्माण होते, कर्कश आवाज होतो व हाताएवढ्या अंतरावरचेही दिसत नाही. वायूला स्वतःचा ओळखू येणारा वास नसल्याने काही यंत्रणांत तो सुटताच विंटरग्रीन तेलाचा वास मिसळण्याची सोय करतात.

नायट्रोजन व आर्गॉन यांवर आधारित यंत्रणांत ऑक्सिजनाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांपर्यंत खाली आणतात. यांपैकी एका प्रचलित मिश्रणात ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आर्गॉन व ८ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असतो. शेवटच्या घटकाची योजना श्वसनाचा वेग वाढविण्यासाठी केलेली असते. हे वायू त्यामानाने सौम्य असले, तरी ते १५० ते ३०० बार दाबाखाली साठवितात. त्यामुळे खोलीत दाबमोचक झरोका नसल्यास भिंत किंवा दार फुटण्याचा धोका असतो. हॅलॉन १३०१ (ब्रोमोट्रायफ्ल्युओरोमीथेन) अवघ्या ५ टक्क्यांच्या सुमारास आग विझवीत असे व एवढ्या प्रमाणात अल्पकाळ तो निर्धोक मानला जाई. तथापि ओझोन थराची हानी करीत असल्यामुळे १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्याचे उत्पादन विकसित देशांत १९९४ पासून व विकसनशील देशांत २०१० पर्यंत बंद झाले. त्याची जागा घेणारी फ्ल्युओरीनयुक्त संयुगे ज्वालेशी संपर्क आल्यास विघटन पावून हायड्रोजन फ्ल्युओराइड हा दाहक वायू देतात. ज्या अपघातात खरोखरच आग होती तेथे ही बाब लक्षात ठेवावी लागते. हॅलॉनच्या बंदीनंतर काही ठिकाणी पुन्हा कार्बन डाय-ऑक्साइडाकडे वळण्याची प्रवृत्ती दिसली. पर्यावरणाचे रक्षण साधताना माणसाच्या दृष्टीने हे एक पाऊल मागे होते.

यंत्रणेची रचना : सामान्यतः सिलिंडरांच्या रांगेतील एक किंवा दोन सिलिंडर मार्गदर्शक असतात. त्यांच्या झडपेवर विद्युत् संकेताने, ओढतारेने किंवा हाताच्या तरफेने चालणारे नियंत्रण शीर्ष बसविलेले असते. मार्गदर्शक सिलिंडर उघडला की त्याच्या दाबाने बाकीचे उघडतात. अनेक खोल्यांना एकच साठा पुरविला जात असल्यास प्रत्येक खोलीच्या नळावर स्वतंत्र दिशादर्शक झडप असते. वायू सुटण्यापूर्वी भोंगा वाजून माणसांना बाहेर पडण्यास साधारणतः २० ते ३० सेकंदांची सवलत मिळावी यासाठी विलंबक योजतात. भोंगा व विलंबक विजेवर अवलंबून न ठेवता वायूच्याच दाबावर चालविणे इष्ट असते, कारण वीज गेली की विजेवरील भोंगाही गप्प होण्याचा संभव असतो.

या साखळीतील बारकावे अन्वेषणात निर्णायक ठरतात. उदा., एकदा कार्यान्वित झालेले नियंत्रण शीर्ष मूळ स्थितीत न आणता तसेच पुन्हा झडपेवर बसविल्यास त्याचा बाहेर आलेला दट्ट्या बसविता क्षणीच झडप उघडतो. चाचणी संपवून यंत्रणा ‘सुरक्षितपणे’ पूर्ववत करीत असतानाच वायू सुटण्याचे हे एक परिचित कारण आहे. तसेच सिलिंडर जागेवरून हलविताना झडपेचे संरक्षक टोपण लावलेले नसेल आणि झडप उघडली, तर प्रतिक्रियेच्या प्रेरणेने जड सिलिंडरही अग्निबाणाप्रमाणे झेपावतो. अशा वेळी इजा वायूमुळे नव्हे, तर आघाताने होते.

पुराव्याचे संकलन : मुख्य पुरावा, म्हणजे वायू, काही तासांत विरून जातो. उरतात त्या झडपांच्या स्थिती, तारा, वजने, नोंदी व माणसांच्या आठवणी. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या कामावर अन्वेषणाचे यश अवलंबून असते. अर्थात प्रथम बचावकार्य, नंतर वायुवीजन व वातावरणाची तपासणी, आणि त्यानंतरच पाहणी, हा क्रम सोडता येत नाही. सिलिंडरांच्या खोलीतील न सुटलेले सिलिंडरही धोकादायक असतात. त्यांची नियंत्रण शीर्षे काढून व झडपांना टोपणे लावूनच पुढील काम करावे लागते. मात्र शीर्षे काढण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र घेणे जरूर असते.

सर्वांत अधिक हानी होते ती नियंत्रक पॅनेलची. भोंगा कर्कश वाजत असतो, दिवे लुकलुकत असतात, कोणीतरी पुढे होऊन पॅनेल पूर्ववत करण्याची कळ दाबतो आणि त्यासरशी कोणत्या अभिज्ञातकाने प्रथम संकेत दिला याची खूण पुसली जाते. सूक्ष्मप्रक्रियकावर चालणाऱ्या पॅनेलांच्या स्मृतीत घटनांची वेळेसह नोंद राहते; परंतु तिची साठवण मर्यादित असल्याने नंतरच्या किरकोळ नोंदी आधीच्या महत्त्वाच्या नोंदी पुसून टाकू शकतात. म्हणून ती प्रथम उतरवून घेतात. पॅनेलचे घड्याळ, कारखान्याच्या फाटकावरील घड्याळ, विद्युत् उपकेंद्राची नोंदवही व अग्निशमन दलाला आलेल्या दूरध्वनीची वेळ यांत काही मिनिटांची तफावत नेहमी आढळते. ती आधी जुळविल्याशिवाय घटनाक्रम मांडण्यात अर्थ नसतो.

सिलिंडरांची स्थिती पुष्कळ काही सांगते. हाताची तरफ वळलेली व तिचे मोहर-तारेचे बंधन तुटलेले असल्यास वायू हाताने सोडला गेला असे अनुमान निघते. तरफ जागेवर पण विद्युत् शीर्षाचा दट्ट्या बाहेर असल्यास विद्युत् संकेत आला होता. मार्गदर्शक सिलिंडर भरलेला व दुसराच एखादा रिकामा असल्यास स्थानिक गळतीचा किंवा त्याच सिलिंडराशी झालेल्या हस्तक्षेपाचा संशय येतो. किती सिलिंडर रिकामे झाले यावरून, खोलीचे घनफळ लक्षात घेऊन, वायूचे प्रमाण काढता येते. यासाठी सिलिंडरांचे वजन करणे हाच भरवशाचा मार्ग आहे. काही ठिकाणी श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने सिलिंडरातील द्रवाची पातळी मोजतात. पण कार्बन डाय-ऑक्साइडाचे क्रांतिक तापमान सुमारे ३१° से. असल्याने त्यापुढे सिलिंडरात द्रव व वायू असा भेदच उरत नाही. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात ही मर्यादा सावलीतही ओलांडली जाते आणि अशा वेळी पातळीचे मापन निरर्थक ठरते. नेहमीच्या तपासणीत १० टक्क्यांहून अधिक वायू कमी भरल्यास सिलिंडर बदलण्याचा किंवा पुन्हा भरण्याचा संकेत आहे. जुन्या वजन-नोंदी उपलब्ध असल्यास गळती पूर्वीपासून होती की काय हेही कळते.

कागदोपत्री पुराव्यात कामाचा परवाना, कुलूपबंदीची नोंद, यंत्रणेचे मूळ आराखडे व त्यात पुढे झालेले बदल यांचा समावेश होतो. आराखड्यातील वायरिंग व प्रत्यक्ष वायरिंग यांची तुलना तारेगणिक करावी लागते. कंटाळवाणे असले तरी या कामातून हाती लागणारे दोष दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडत नाहीत. साक्षीदारांच्या मुलाखती शक्य तितक्या लवकर व वेगवेगळ्या घेतात. कार्बन डाय-ऑक्साइडाने ग्लानी आलेल्या व्यक्तीची कालाची जाणीव बिघडते : पाच सेकंद मिनिटासारखे वाटतात किंवा मधला काळ आठवतच नाही. ‘भोंगा वाजलाच नाही’ आणि ‘वाजला पण ऐकू आला नाही’ या दोहोंत फरक असून तो भोंग्याच्या प्रत्यक्ष चाचणीनेच ठरवावा लागतो.

शवविच्छेदनाकडून फार अपेक्षा करता येत नाही. मृत्यूनंतर रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड आपोआप वाढतो, म्हणून त्याच्या मापनाने मृत्यूचे कारण सिद्ध होत नाही. रक्तात कार्‌बॉक्सिहीमोग्लोबिन नसल्याचे आढळल्यास आगीच्या धुराची शक्यता मात्र वगळता येते. हॅलोजनयुक्त वायूंचा अंश वायुवर्णलेखनाने रक्तात ओळखता येतो. त्यासाठी नमुना हवाबंद कुपीत घेणे आवश्यक असते.

आयडाहो येथील अपघात : अन्वेषणाचे उत्तम उदाहरण म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत २८ जुलै १९९८ रोजी सायंकाळी घडलेल्या अपघाताचा निर्देश करता येईल. चाचणी अणुभट्टीच्या आवारातील ६४८ क्रमांकाच्या इमारतीत १३ कामगार विद्युत् सामग्रीच्या देखभालीची पूर्वतयारी करीत होते. पुरवठा बंद करण्यासाठी मंडल खंडक (सर्किट ब्रेकर) एकामागून एक उघडले जात होते. शेवटचा खंडक उघडताच उच्च दाबाच्या सिलिंडरांतील कार्बन डाय-ऑक्साइड इमारतीत सुटला. पूर्वसूचनेचा भोंगा वाजला नाही. क्षणार्धात दृश्यता जवळजवळ शून्य झाली. काही कामगार चाचपडत बाहेर पडले, उरलेले आतच बेशुद्ध झाले. एकाचा मृत्यू झाला व इतर कित्येकांचे प्राण संकटात आले. बाहेर आलेल्या सहकाऱ्यांनी श्वसनसाधनांशिवाय पुन्हा आत जाऊन काही जणांना बाहेर ओढले. त्यांच्याही जिवावर बेतण्याजोगी परिस्थिती होती. बंदिस्त जागेतील वायू-अपघातांत मृतांमध्ये बचावकर्त्यांचाच भरणा अनेकदा असतो, हे ध्यानात घेता येथील जीवितहानी एकावरच थांबली हे विशेष.

ऊर्जा खात्याच्या चौकशी मंडळाने विद्युत् नियंत्रण शीर्षे अनाहूतपणे कार्यान्वित होणे हे प्रत्यक्ष कारण ठरविले. आग नव्हती, कोणी कळ दाबली नव्हती. पुरवठा खंडित होण्याच्या क्षणी नियंत्रणमंडलात उद्‌भवलेला संकेत पुरेसा ठरला. परंतु मंडळ एवढ्यावर थांबले नाही. काम सुरू करण्यापूर्वी यंत्रणा पॅनेलवरून निष्क्रिय केल्याची सर्वांची समजूत होती. ही निष्क्रियता म्हणजे पॅनेलच्या स्मृतीला दिलेली एक आज्ञा होती. सिलिंडर व नळ यांच्यामध्ये कुलूप लावलेली झडप नव्हती, नियंत्रण शीर्षे काढून ठेवलेली नव्हती. म्हणजे १३ माणसे व प्राणघातक वायू यांच्यामध्ये धातूचा कोणताही अडसर नव्हता. वास्तविक विद्युत् कामापूर्वी खंडकाला कुलूप लावण्याचा नियम तेथे कसोशीने पाळला जात होता. तोच नियम वायूला लावावा हे मात्र कामाच्या आखणीत आले नव्हते. विजेचा धोका हा ‘कामाचा’ धोका व वायू ही ‘संरक्षणाची’ सोय, अशी मनात झालेली विभागणी या त्रुटीच्या मुळाशी होती. मंडळाने मूळ कारण व्यवस्थापनाच्या पातळीवर शोधले : धोक्यांचे विश्लेषण, कामाचे नियोजन व पूर्वीच्या अपघातांपासून घ्यावयाचा बोध यांची व्यवस्था अपुरी होती.

याच आयडाहो परिसरात अपघात-विश्लेषणाची एक प्रमुख पद्धती पूर्वी वापरून पारखली गेली होती, ही गोष्ट उद्‌बोधक आहे. विल्यम जॉन्सन यांनी १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगासाठी तयार केलेल्या ‘व्यवस्थापकीय दुर्लक्ष व धोका-वृक्ष’ या पद्धतीत अपघात हा माणसाकडे अनिष्टपणे वाहत गेलेल्या ऊर्जेचा परिणाम मानतात आणि त्या प्रवाहाच्या वाटेवरील प्रत्येक अडसराची स्वतंत्र तपासणी करतात : अडसर होता काय, वापरला काय, टिकला काय, नसल्यास तो नसू देण्याचा निर्णय कोणी व कोणत्या माहितीवर घेतला. वायुयंत्रणांच्या अपघातांना ही पद्धती विशेष लागू पडते, कारण येथे अडसर मोजकेच व स्पष्ट असतात. तिच्या जोडीला बदल-विश्लेषणही करतात. पूर्वी अनेक वेळा निर्धोकपणे पार पडलेले काम या खेपेस का अंगाशी आले, या वेळी वेगळे काय होते – नवे पॅनेल, नवा कंत्राटदार, बदललेली पाळी, आत असलेल्यांची वाढलेली संख्या – याची छाननी त्यात होते.

नेर्पा पाणबुडीवरील अपघात : रशियाची के-१५२ ‘नेर्पा’ ही अणुशक्तिचलित पाणबुडी ८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात चाचण्या घेत असताना तिच्यातील अग्निशामक यंत्रणा कार्यान्वित होऊन २० जणांचा मृत्यू झाला. त्यांत १७ जण नौदलाबाहेरचे, म्हणजे बांधणी व चाचणीशी संबंधित तंत्रज्ञ होते. पाणबुडीवर त्या वेळी २०८ माणसे होती. एवढ्या दाटीत बाहेर पडणे व श्वसनसाधने हाती लागणे अवघड झाले. प्रारंभी सर्व दोष एका खलाशावर ठेवण्यात आला. पुढे सिलिंडरांतील द्रव्याचे पृथक्करण केले असता वेगळीच बाब उजेडात आली : विहित डायब्रोमोटेट्राफ्ल्युओरोएथेनाच्या जागी मोठ्या प्रमाणावर टेट्राक्लोरोएथिलीन हे कपड्यांच्या कोरड्या धुलाईत वापरले जाणारे, स्वस्त व अधिक विषारी द्रव्य भरलेले होते. म्हणजे वायू कोणी सोडला या प्रश्नाइतकाच, सिलिंडरात काय भरले होते हा प्रश्नही मृत्यूच्या कारणाशी निगडित होता. ज्युरीने २०११ मध्ये संबंधित खलाशाला व कप्तानाला निर्दोष ठरविले. प्रत्येक अन्वेषणात उरलेल्या द्रव्याचा नमुना घ्यावा, हा सोपा नियम यावरून पटतो. हीच पाणबुडी पुढे ‘चक्र’ या नावाने २०१२ ते २०२१ या काळात भाडेपट्ट्याने भारतीय नौदलात होती.

इतर काही अपघात : मुंबईतील माझगाव गोदीत बांधणीच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेवर ७ मार्च २०१४ रोजी यंत्रचाचण्या चालू असताना कार्बन डाय-ऑक्साइड संचाच्या झडपेतील बिघाडामुळे वायू गळून नौदलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. चीनमधील शानदुंग प्रांतात २५ मे २०१९ रोजी बंदरात दुरुस्तीखाली असलेल्या एका मालवाहू जहाजावर याच वायूने १० जण दगावले. बँकॉक येथील एका बँकेच्या मुख्यालयात १३ मार्च २०१६ रोजी तळघरातील दस्तऐवजांच्या जागी अग्निसंरक्षण यंत्रणेच्या सुधारणेचे काम चालू असताना ८ जणांचा बळी गेला. तेथील यंत्रणा वायूऐवजी सूक्ष्मकणी एअरोसॉल सोडणारी होती. जर्मनीतील म्यून्शेनग्लाडबाख येथे १६ ऑगस्ट २००८ रोजी एका कारखान्यातून सुटलेला कार्बन डाय-ऑक्साइड वारा पडलेला असल्याने आसपासच्या वस्तीत पसरला व शंभराहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली. धोक्याची हद्द खोलीच्या भिंतीपाशी संपते, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज या घटनेने दाखविली.

एका निराळ्या धोक्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. वेगाने बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडातील बर्फकणांवर स्थिर विद्युत् भार निर्माण होतो. पश्चिम जर्मनीतील बिटबुर्ग येथे १९५४ मध्ये विमान-इंधनाच्या भूमिगत टाकीवरील नव्या यंत्रणेच्या चाचणीत असा भार ठिणगीरूपाने मोकळा होऊन इंधनाच्या बाष्पाचा स्फोट झाला व उपस्थितांपैकी अनेक जण मृत्युमुखी पडले. ज्वालाग्राही बाष्प असलेल्या जागी आग नसताना हा वायू चाचणीसाठी सोडणे त्यामुळे निषिद्ध मानतात.

भारतातील चौकशी : कारखाना अधिनियम, १९४८ च्या ८८ व्या कलमान्वये मृत्यू घडविणाऱ्या किंवा ४८ तास वा अधिक काळ कामास असमर्थ करणाऱ्या अपघाताची सूचना देणे बंधनकारक होते. मृत्यू झाल्यास एका महिन्याच्या आत चौकशीची तरतूद होती आणि ९० व्या कलमान्वये राज्य शासनाला विशेष चौकशी नेमता येत असे. ३६ व्या कलमात घातक वायू असलेल्या बंदिस्त जागेत प्रवेश करण्यासंबंधीचे निर्बंध होते. पुढे या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे काम पाहते. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या स्थिर यंत्रणांसाठी भारतीय मानक ६३८२ उपलब्ध असल्याने प्रत्यक्ष रचनेची त्याच्याशी तुलना करता येते.

मृत्यूच्या प्रकरणी पोलिसांचा तपासही समांतर चालतो. पंचनामा करून जागा मोहोरबंद केल्याने पुरावा सुरक्षित राहतो हे खरे. परंतु गुन्ह्याचा तपास व्यक्ती शोधतो, तर तांत्रिक अन्वेषण परिस्थिती शोधते. अटकेच्या भीतीने कामगार व पर्यवेक्षक मोकळेपणाने बोलेनासे होतात आणि पॅनेल कोणी पूर्ववत केले यासारखी निरुपद्रवी पण मोलाची माहिती दडून राहते. विमान-अपघातांच्या चौकशीत हे दोन तपास अलग ठेवण्याची परंपरा रुजली आहे. कारखान्यांच्या बाबतीत ती अद्याप तितकीशी दृढ झालेली नाही.

अन्वेषणाचे फलित : या अपघातांच्या चौकशीतून निघालेल्या शिफारशी जवळजवळ सर्वत्र सारख्याच आहेत. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाच्या १२ क्रमांकाच्या मानकात कुलूप लावता येणारी झडप, तसेच वायुदाबावर चालणारा भोंगा व विलंबक यांची अट घालण्यात आली. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार वायू सोडण्यास दोन स्वतंत्र नियंत्रणे लागतात : एक नळावरील झडप उघडणारे व दुसरे सिलिंडर उघडणारे. जपानमध्ये डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या अल्पावधीत वाहनतळांतील यंत्रणांचे तीन प्राणघातक अपघात घडले. त्यांपैकी टोकिओच्या शिंजुकू भागातील एका निवासी इमारतीच्या तळघरात छताच्या फळ्या बदलणारे चार कामगार १५ एप्रिल २०२१ रोजी मृत्युमुखी पडले. अग्निशमनविषयक नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून कार्बन डाय-ऑक्साइड यंत्रणांना बंद करता येणारी झडप बसविणे आणि त्या जागेत इतर कामे चालू असताना ती बंद ठेवणे तेथे सक्तीचे झाले.